नाव वेगळं ठेवलं, पण अर्थाचं काय?

संशोधनासाठी छोटासा ऑनलाइन संग्रह करायला घेतलात की प्रश्न येतोच: प्रत्येक नोंदीची माहिती पानाच्या एचटीएमएलमध्ये ठेवायची कुठे? बहुतेक जण 'डेटा-' ॲट्रिब्यूटकडे वळतात. मीही वळले. आज त्याच सोयीची जरा झाडाझडती घेऊ.

नियम सोपा आहे. सुरुवातीला 'डेटा-' लावा, पुढे हवं ते नाव द्या. एचटीएमएलमध्ये उद्या नवं ॲट्रिब्यूट आलं तरी तुमच्या नावाशी टक्कर होणार नाही. पूर्वी लोक मनाला येईल ते नाव घुसडायचे, नाहीतर 'क्लास'मध्ये माहिती कोंबायचे. त्या मानाने ही मोठीच सुधारणा.

पण ही हमी फक्त एचटीएमएलपुरती. माझ्या ओव्यांच्या संग्रहात ध्वनिमुद्रणाच्या तारखेला मी 'डेटा-डेट' म्हटलं होतं. पुढे कॅलेंडरची एक लायब्ररी जोडली, तर तिचंही तेच नाव! तिने माझ्या तारखा पुसून आजची तारीख लिहिली आणि पानावरून काढलेल्या तक्त्यात सगळ्या ओव्या एकाच दिवशी मुद्रित झाल्या. एरर कुठेच नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ॲट्रिब्यूटमध्ये आपलं नाव घालावं, असं मानक सुचवतं. पण न घातल्यास ब्राउझर काही अडवत नाही. म्हणून आता मी 'डेटा-ओवी-मुद्रणदिनांक' लिहिते.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. ही ॲट्रिब्यूट त्या साइटच्या स्वतःच्या स्क्रिप्टसाठी आहेत, बाहेरच्यांनी वाचण्यासाठी नाहीत. जगाला माहिती द्यायची तर सगळ्यांना ठाऊक असलेली शब्दावली लागते. उदाहरणार्थ डब्लिन कोर. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ती आली. तिची नावं 'डीसी.' लावून 'मेटा' टॅगमध्ये लिहितात. टक्कर टळते, पण 'डीसी.डेट' म्हणजे कुठली तारीख? निर्मितीची की प्रकाशनाची? व्याख्येत दोन्ही बसतात. शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर डब्लिन कोरला शेवटचा पर्याय मानतं, कारण नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं यांना त्यात निःसंदिग्ध जागा नाही. तिथे 'सायटेशन_' ने सुरू होणारे टॅग बरे.

तेव्हा कोड लिहिण्याआधी वहीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहा: हे कोण वाचणार, आणि याचा नेमका अर्थ काय. मी ते केलं नव्हतं. तारखा परत मूळ ध्वनिफितींवरून भराव्या लागल्या.