आवडत्या कादंबरीची शिफारस

चार वाचनप्रिय मंडळी जमली म्हणजे आवडत्या कादंबऱ्यांचा विषय निघतोच. परंतु बहुतेकजण ग्रंथकाराचें नांव सांगून मोकळे होतात. आवड कां जडली हें सांगितल्यावांचून ती दुसऱ्यास कशी लागावी? आमच्यापुरतें आम्ही हें ऋण फेडूं इच्छितों.

आमची आवडती कादंबरी म्हणजे हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’. १८९० सालीं ती ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः निघूं लागली. तींत दोष नाहींत असें नव्हे. पाल्हाळ फार आहे. शंकरमामंजींस तर इतका काळा रंग फांसला आहे कीं, त्याखालीं मनुष्य दिसेनासा होतो. विद्यार्थिदशेंत इंग्रजी कादंबऱ्यांच्या नादानें, याच दोषांवर बोट ठेवून, आम्हीं हें पुस्तक बाजूस सारिलें होतें. ती आमची चूक होती.

यमू आपली कथा आपणच, माजघरांतल्या साध्या बोलीनें, सांगते. मुंबईस पतीच्या उत्तेजनानें केलेल्या लिहिण्यावाचण्याचें सुख ती मोठ्या प्रेमानें वर्णिते. पुढें वैधव्य येतें, बळजबरीनें केशवपन होतें. तिचें सर्वस्व जातें, पण तें लिहिणेंवाचणें उरतें. त्याच्याच आधारें ही कहाणी आपल्या हातीं आली आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो पाल्हाळहि, इतकी वर्षें जिचें कोणी ऐकिलें नाहीं तिच्या बोलण्याचा, असा वाटूं लागतो.

वाचकांनींहि आपापली आवड अशीच, दोषांसकट, एकमेकांस सांगावी, एवढीच आमची विनंति आहे.