गमावलेले जग आणि षष्ठी विभक्ती

अलेक्झांडर रोमानोविच लुरिया यांचे झासेत्स्कीविषयीचे पुस्तक 1971 साली रशियन भाषेत प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘गमावलेले आणि परत मिळालेले जग’ असा होतो. इंग्रजी शीर्षकात जग भंगलेले तेवढे राहिले आहे. परत मिळण्याची गोष्ट गळाली आहे. हा फरक प्रकाशकाच्या सोयीचा म्हणून सोडून देता येत नाही. या माणसाला नेमके काय परत मिळाले, हाच या पुस्तकाविषयीचा मुख्य प्रश्न होय.

झासेत्स्की हा यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. 2 मार्च 1943 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जर्मनांविरुद्ध लढताना त्याच्या डोक्यात गोळी शिरली आणि मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा मागील भाग निकामी झाला. उजवीकडचे दिसेना, शरीराचे अवयव जागच्या जागी आहेत असे वाटेना, वाचन तर अक्षरओळखीपासून पुन्हा शिकावे लागले. मेंदूचा पुढचा भाग मात्र शाबूत होता. त्यामुळे इच्छा, निश्चय आणि आपण काय गमावले याची जाणीव ही तिन्ही अभंग राहिली. पुढे सुमारे पंचवीस वर्षे, आई व बहिणींजवळ राहून, त्याने स्वतःच्या दुखापतीची हकिगत लिहिली. ती सुमारे तीन हजार पाने भरली.

या लेखनाकडे मनोबलाचा विजय म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. मला ती अपुरी वाटते. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला अशक्यप्राय होते; हात न उचलता सबंध शब्द एका ओघात लिहून टाकावा, असे सुचविले गेल्यावर ते साधले. म्हणजे लेखन परत आले ते हाताच्या जुन्या सवयीतून. लिहिलेले वाचणे मात्र तितकेच कष्टाचे राहिले. जो लिहू शकतो पण स्वतःचे लिहिणे सहज वाचू शकत नाही, तो आपल्या मजकुराची मांडणी कशी करणार? ते काम लुरियांनी केले. निवड त्यांची आहे, क्रम त्यांचा आहे, आणि त्यांनी ते लपविलेलेही नाही. तथापि वाचताना आपण जो सलग प्रवाह अनुभवतो, तोच नेमका लेखकाच्या हातून निसटलेला होता, हे विसरले जाते. शेजारशेजारच्या दोन वाक्यांत किती दिवसांचे अंतर आहे हे छापील पानावरून कळत नाही. पुस्तकातील ‘मी’ त्याचा स्वतःचा आहे. त्या ‘मी’ला मिळालेला पूर्वापर संबंध उसना आहे.

संबंध हाच या दुखापतीचा गाभा होय. ‘आई’ म्हणजे काय ते त्याला कळे, ‘मुलगी’ म्हणजे काय तेही कळे. ‘आईची मुलगी’ आणि ‘मुलीची आई’ यांतला भेद मात्र हाती लागत नसे. हत्ती माशीपेक्षा मोठा की माशी हत्तीपेक्षा मोठी, येथेही तीच अडचण. आणि रुग्णालयात सुई, दोरा व कापड पुढे ठेवले असता त्यांचे परस्परांशी काय करावयाचे हे त्याला उमगेना. या तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत, हे दाखविणे हे लुरियांचे मोठे कार्य. व्याकरणातील षष्ठी आणि घरातील सुईदोरा यांच्यामध्ये आपण जी भिंत मानतो ती मेंदूला ठाऊक नाही. स्वावलंबन म्हणजे हातापायांची शक्ती अशी समजूत असणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. या कसोट्या मराठीत शब्दशः उतरवून चालणार नाही. रशियनमध्ये ‘बापाचा भाऊ’ म्हणताना ‘भाऊ’ आधी येतो. मराठीत स्वामी आधी व वस्तू नंतर. शिवाय आपला षष्ठी प्रत्यय पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. ‘आईचा भाऊ’ आणि ‘भावाची आई’ यांत चा आणि ची हेच अर्धे उत्तर देऊन टाकतात. रुग्णाला या आधाराचा उपयोग होतो की नाही हा शोधाचा विषय आहे. पण कसोटी रचणाऱ्याने तो आधार नकळत पुरवू नये. ‘वडील’ शब्द घ्यावा तर आदरार्थी बहुवचन आड येते: ‘वडिलांचा भाऊ’, पण ‘भावाचे वडील’. उरतो ‘बाप’, आणि रुग्णाशेजारी त्याचे वडीलधारे बसलेले असताना ‘तुमच्या बापाचा भाऊ कोण?’ असे विचारण्याचे धैर्य कोणत्या परीक्षकाला होईल?

काळाच्या बाबतीत फरक याहून मोठा आहे. ‘मी न्याहारी केली, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर’ अशा धाटणीच्या रशियन वाक्यात घटनांचा आणि शब्दांचा क्रम उलटा असतो, म्हणून असा रुग्ण अडखळतो. मराठीत ‘वर्तमानपत्र वाचल्यावर न्याहारी केली’ हीच स्वाभाविक रचना. दोन्ही क्रम जुळतात आणि कसोटीचा दंश जातो. तो हवा असेल तर ‘न्याहारी करण्यापूर्वी वर्तमानपत्र वाचले’ असे वाक्य घ्यावे लागेल. हा भेद केवळ वर्गातला नव्हे. ‘गोळी घेतल्यावर जेवा’ आणि ‘जेवण्यापूर्वी गोळी घ्या’ या दोन सूचनांचा आशय एकच; पण अशी दुखापत झालेला माणूस पहिली सूचना एकट्याने पाळू शकेल आणि दुसरीसाठी त्याला घरातल्या कोणाची तरी वाट पाहावी लागेल, असा संभव आहे. औषधाच्या पुडीवर मात्र बहुधा ‘जेवणापूर्वी’ असेच लिहिलेले असते.

म्हणून मूळ शीर्षकातील ‘परत मिळालेले’ हे विशेषण मी जपून वाचतो. गणित परतले नाही, वाचन पुरते परतले नाही, घरची साधी कामेही अवघडच राहिली. आपल्या हकिगतीला झासेत्स्कीने पुढे जे नाव दिले त्याचा भाव ‘मी लढत राहीन’ असा आहे. त्यात काही परत मिळाल्याचा दावा नाही. तो दावा लुरियांचा आहे.