शैथिल्य, ढिलाई आणि मोकळीक

'काटेकोर' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता, या प्रश्नाला मराठीत एकच एक उत्तर नाही. ढिला, सैल, शिथिल, मवाळ, मोकळा हे सारे शब्द त्या जागी येऊ शकतात. परंतु त्यांपैकी बहुतेक वर्णनाबरोबर निवाडाही देतात. समीक्षेत ते एकमेकांऐवजी वापरले गेले, की निवाडा पुढे धावतो आणि परीक्षण मागे राहते.

असा निवाडा दिल्लीच्या नावालाही चिकटला आहे. मेहरौलीचा लोहस्तंभ शेषाच्या मस्तकावर रोवला आहे की नाही, हे पाहण्यासाठी तोमर राजा अनंगपालाने तो उपटविला. पुन्हा रोवलेला स्तंभ 'ढिला' राहिला आणि त्यावरून नगरीला नाव मिळाले, अशी आख्यायिका 'पृथ्वीराजरासो'च्या परंपरेत आढळते. पालमच्या विहिरीवरील १२७६ च्या शिलालेखात 'ढिल्ली' हे नाव येते. तो नावाच्या जुनेपणाचा पुरावा होय, कथेचा नव्हे. स्तंभ तर आजही उभाच आहे. कथेतही तो ढिला होतो तो राजाच्या काटेकोर पडताळणीपायी. तरी लोकस्मृतीने ढिलाईवरच राज्याच्या अस्थिरतेचा ठपका ठेवला.

मराठी 'ढिला'ही असाच दोष देतो. ढिल्या कारभाराची स्तुती कोणी करीत नाही. 'सैल' तसा तटस्थ आहे: गाठ सैल झाली तर सुटका, जीभ सैल सुटली तर आगळीक. 'मवाळ' हा शब्द राजकारणाने हिणकस केला. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जहालांशी फारकत झालेल्या मवाळांचे अग्रणी गोपाळ कृष्ण गोखले. परंतु १९०५ मध्ये त्यांनीच स्थापिलेल्या भारत सेवक समाजाच्या सदस्यांना आजन्म सेवेच्या कडक प्रतिज्ञा घ्याव्या लागत. मवाळपणा मार्गाचा होता, शिस्तीचा नव्हे.

'शिथिल' हा शब्द तर समीक्षेच्या घरचाच. दंडीने 'काव्यादर्शा'त श्लेष या गुणाचे लक्षण शैथिल्याच्या अभावाने बांधले. तथापि वैदर्भ मार्गाला जे शैथिल्य अमान्य, ते गौड मार्गाला अनुप्रासासाठी चालते, हेही त्याने नोंदविले. म्हणजे शैथिल्याचा दोष ठरतो तो मार्ग पाहून.

हा विवेक ओवीच्या बाबतीत विशेष अगत्याचा आहे. अक्षरगणवृत्ताच्या मापाने 'ज्ञानेश्वरी'ची ओवी मोजली, तर ती ढिलीच भासेल. तिच्या चरणांची अक्षरसंख्या नियत नाही. परंतु पहिले तीन चरण यमकाने सांधलेले आणि चौथा तोकडा, यमकमुक्त, ही तिची बांधणी पक्की आहे. तीन चरणांत साठलेला ताण चौथ्यात सुटतो. या सुटण्याला ढिलाई म्हणणे अन्यायाचे. ती मोकळीक होय.

म्हणून मुक्तछंदाला अथवा विस्कळीत भासणाऱ्या कादंबरीला 'शिथिल' ठरविण्यापूर्वी ती कोणते बंधन पाळते, हे आधी दाखविले पाहिजे. कोणतेच बंधन न आढळले, तर 'ढिली' हा शब्द उघडपणे वापरावा. 'मोकळी' म्हणून तिला पाठीशी घालण्याचे कारण नाही.