स्वराचे मोल आणि पेटीचे मोल

घरी बसून संगीत ऐकण्यासाठी पाश्चात्य देशांत जे उंची ध्वनिक्षेपक तयार होतात, ज्यांस सरसकट 'हाय-फाय स्पीकर' म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांच्या किमतींनी गेल्या काही दशकांत अशी मजल मारली आहे की, संगीतावर प्रेम करणाऱ्या माणसास तिच्याकडे केवळ श्रीमंतांचा छंद म्हणून पाहता येत नाही. अमेरिकेतील मॅजिको या कंपनीच्या 'एम९' नामक जोडीची किंमत साडेसात लक्ष डॉलर सांगितली गेली. आपल्या चलनात ती सहा कोटी रुपयांच्या वर जाते. त्यातील एकेका पेटीचे वजन सुमारे साडेचारशे किलो. त्याच देशातील विल्सन ऑडिओ यांच्या 'वॅम मास्टर क्रोनोसॉनिक' या जोडीस ६,८५,००० डॉलर पडत, आणि तिच्या अवघ्या सत्तर जोड्या काढण्याचे ठरले होते. ही टोकाची उदाहरणे आहेत हे आम्ही मान्य करतो. परंतु टोकाला जे घडते त्याची ओढ मधल्या पायऱ्यांसही लागते. इंग्लंडच्या बॉवर्स अँड विल्किन्स यांचा '८०१ डी४' हा स्पीकर २०२१ मध्ये जोडीस ३५,००० डॉलरला आला. दोनच वर्षांनी त्याची 'सिग्नेचर' म्हणून जी आवृत्ती निघाली तिचे मोल ५०,००० डॉलर होते. अंग तेच होते. बदलले ते बाहेरचे लेपन, उच्च स्वरांच्या घुमटापुढील जाळी आणि आतील काही सुटे भाग. या बदलांनी आवाजात काहीच फरक पडत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पंधरा हजार डॉलरांचा फरक पडतो, हे मात्र ज्याने म्हणायचे त्याने शाबीत करावयाचे आहे. पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न आमच्या धंद्यात पहिला विचारतात.

मूळ यंत्राकडे पाहिले तर आश्चर्य अधिकच वाढते. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२५ मध्ये हलत्या वेटोळ्याचा जो ध्वनिक्षेपक मांडला, त्याचेच तत्त्व आज बहुतेक सर्व स्पीकरांत चालू आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे, त्यास जोडलेला पडदा, वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा हलतो आणि हवा हलते. हे तत्त्व आता कोणाच्या मालकीचे नाही. लोहचुंबक, तार, कागद अथवा प्लास्टिक यांसही सोन्याचा भाव आलेला नाही. मग मोल वाढते कशाचे?

येथे एडगर विल्चर या गृहस्थाची हकीकत जरा विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्या साह्याने त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. तोपर्यंत खर्जाचा स्वर नीट ऐकावयाचा तर कपाटाएवढी पेटी लागे. विल्चर यांनी पेटी घट्ट बंद केली, पडद्याची बैठक सैल ठेवली, आणि आत कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगचे काम करवून घेतले. पुस्तकांच्या फळीवर राहील एवढ्या पेटीतून खर्ज शुद्ध उमटू लागला. 'एआर-१' या त्यांच्या पहिल्या स्पीकरची किंमत १८५ डॉलर होती. आजच्या मूल्यात ते दोन हजारांच्या थोडे वर, म्हणजे जोडी घेतली तरी चार-साडेचार हजार डॉलर होतात. ही रक्कम स्वस्त नव्हे. पण एखादा शिक्षक अथवा कारकून दोन-तीन वर्षे काटकसर करून ती उभी करू शकला असता. पुढे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात या कंपनीने एक दालन थाटले. तेथे कोणीही येऊन निवांत बसावे, ऐकावे, आणि उठून आपल्या गाडीने जावे. विक्री तेथे होतच नसे. फाइन आर्ट्स क्वार्टेट या वाद्यवृंदाला मंचावर बसवून मध्येच वादन थांबवावयाचे आणि त्यांचेच ध्वनिमुद्रण स्पीकरांतून पुढे चालू ठेवावयाचे, असे जाहीर प्रयोगही त्यांनी केले. बदल केव्हा झाला, हे कित्येक श्रोत्यांस उमगत नसे.

वकिलाच्या दृष्टीने याच्याही पुढचा भाग मोलाचा आहे. बंद हवेच्या या युक्तीचे एकस्व विल्चर यांस १९५६ मध्ये मिळाले. दुसऱ्या एका कंपनीने त्यास आव्हान दिले, ऑल्सन यांचे त्यापूर्वीचे एकस्व पुढे केले, आणि विल्चर यांचा हक्क रद्द ठरला. अपिलाचा मार्ग मोकळा होता, पण ते त्या मार्गाने गेले नाहीत. ती युक्ती सर्वांची झाली, आणि लहान पेटीतला चांगला स्वर पुढील दोन दशकांत सामान्य घरांपर्यंत पोचला. पुढे ऐकू कमी येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रासंबंधी त्यांनी जे महत्त्वाचे संशोधन केले त्याचे तर एकस्वच घेतले नाही; १९७३ मध्ये ते सरळ प्रसिद्ध करून टाकले. आमच्या मते स्पीकरांच्या इतिहासात इतका उदार माणूस दुसरा दाखविणे कठीण आहे, आणि आजच्या किमतींची मोजणी आम्ही त्यांच्या मापाने करतो.

किमती चढण्यास खरी कारणे नाहीत असे मात्र नव्हे. पडदा हलतो तशी पेटीही थरथरते आणि आपला स्वतःचा आवाज संगीतात मिसळते. गवय्याच्या मागे बसून साथीदाराने भलताच सूर धरावा तसा तो प्रकार. पेटी मुकी करावयाची तर ती जड आणि ताठ हवी. म्हणून कोणी ॲल्युमिनियमचे ठोकळे कोरतात, तर 'एम९' मध्ये कार्बन तंतूंच्या थरांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी भरलेली आहे. उच्च स्वरांचे घुमट बेरिलियमचे, कोठे हिऱ्याच्या थराचे. यास यंत्रे, कारागीर आणि वर्षे लागतात. दुसरे कारण बाजाराचे आहे. पूर्वी मध्यम ऐपतीचे कुटुंब दिवाणखान्यात स्पीकर ठेवी. आज त्या घरातील प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र बोंडुक आहे. मधला ग्राहक असा निघून गेल्यावर कारखानदार वरच्या मूठभरांकडे वळले, आणि संशोधनाचा सारा खर्च त्या मूठभर जोड्यांवर वाटला जाऊ लागला. आपल्याकडे माल उतरेपर्यंत आयातकर आणि विक्रेत्याचा वाटा यांची भर पडते ती वेगळीच.

पण याही पलीकडे एक कारण आहे, आणि ते तितके निर्मळ नाही. व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले की, काही वस्तू महाग असतात म्हणूनच हव्याशा वाटतात. त्यांची किंमत हाच त्यांचा गुण असतो. स्पीकरांच्या बाबतीत याचा पुरावा प्रयोगशाळेतून आलेला आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चाळीस श्रोत्यांस चार स्पीकर ऐकविले. एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. श्रोते हरमन या स्पीकर बनविणाऱ्या कंपनीचेच नोकर होते. पडद्याआड ज्या स्वस्त, चिमुकल्या संचास त्यांनी चांगले गुण दिले होते, तोच डोळ्यांसमोर येताच त्याचे गुण झपाट्याने उतरले, आणि भारदस्त पेट्यांचे चढले. कान तेच, संगीत तेच. साक्षीदार खोटे बोलत होते असे नाही. त्यांच्या डोळ्यांनी त्यांच्या कानांस पढविले होते. पढविलेला साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची साक्ष आम्ही कोर्टात ग्राह्य धरीत नाही. उंची स्पीकरांवरील बहुतेक परीक्षणे मात्र असल्याच साक्षीवर चालतात: परीक्षकास नाव ठाऊक, किंमत ठाऊक, आणि वस्तू समोर उभी. त्यांत 'पडदा दूर झाला', 'गायिका खोलीत अवतरली' असली वाक्ये वाचून आम्हांस आता शीण येतो. त्या गायिकेने दर दोन वर्षांनी नव्याने अवतरावे, आणि प्रत्येक वेळी तिचे मानधन वाढावे!

उलट बाजूची उदाहरणे डोळ्यांआड करणे अन्यायाचे होईल. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९७० नंतरच्या दशकात 'एलएस३/५ए' हा वीतभर रुंदीचा स्पीकर तयार केला. बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत जागा थोडी. तेथे बसून मनुष्याचा शब्द खरा उमटतो की नाही हे पारखावयाचे, एवढेच त्याचे काम. तो दिमाखासाठी घडलेला नव्हता, आणि म्हणूनच कदाचित त्याचा कंठस्वर आजही रसिकांस मोहवितो. अलीकडचे उदाहरण केईएफ यांच्या 'एलएस५०' चे. २०१२ मध्ये तो जोडीस सुमारे दीड हजार डॉलरला निघाला; २०२० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली तीही त्याच भावात. आठ वर्षांत गुण वाढला आणि मोल ठरल्या जागी राहिले. म्हणजे ज्ञानाची वाढ किमती खाली खेचू शकते. वर नेणारी शक्ती निराळी आहे.

आमच्या वाचकांपैकी कोणी येथे एक आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. आपण देवळाच्या गर्भागाराची दारे रुप्याने मढवितो, कळसास सोने चढवितो, पालखीवर हौसेने खर्च करतो. मग स्वराच्या भक्तास त्याच्या पेटीवरून हिणविण्याचा आपणांस काय अधिकार? आम्ही त्यास हिणवीत नाही. अधिक खर्च हा आमच्या मते अपराधच नव्हे. परंतु रुप्याचे दार ज्या दिवशी बसते त्या दिवसापासून ते मंगेशीच्या अथवा कवळ्याच्या दर्शनास येणाऱ्या प्रत्येकाचे होते. चप्पल बाहेर काढून आत येईल त्याचा त्यावर हक्क पोचतो. दोन स्पीकरांच्या या विद्येचा धर्मच असा की, त्यांचे पूर्ण सुख खोलीतील एकाच आसनावर मिळते. दोहोंपासून सारख्या अंतरावर, त्रिकोणाच्या टोकाशी, एक खुर्ची. तिच्या डावी-उजवीकडे बसलेल्यास चित्र एका बाजूस कललेले ऐकू येते. सहा कोटींचे देवालय, आणि भक्त एक! भजनाच्या फेरीत वाढलेल्या माणसास ही रचनाच परकी वाटावी.

शिवाय आपण ऐकतो काय? केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. मानवजातीच्या स्वरांचा नमुना म्हणून निवडलेल्या मोजक्या मुद्रणांत ती आहे. साडेतीन मिनिटांच्या आसपासचे ते जुने मुद्रण एकमार्गी आहे, त्यात खरखर आहे, उच्च स्वरांशांची नोंद फार थोडी आहे. हिऱ्याचा घुमट तेथे खरखर तेवढी अधिक स्वच्छ करून दाखवील. केसरबाईंचा दमसास, तिचा आवर्तनावरचा ताबा हे सारे मधल्या स्वरपट्ट्यात आहे, आणि तो पट्टा एक साधा, प्रामाणिक स्पीकर पुरता सांभाळतो.

आता थोडे आपल्या सभामंडपाविषयी. उत्सव जवळ आला की कोणी यजमान 'चांगला साउंड' अर्पण करू इच्छितो, आणि समिती दरपत्रके मागविते. जेवढा आकडा मोठा तेवढी सेवा मोठी अशी समजूत तेथेही शिरू लागली आहे. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत यांमुळे शब्द मंडपातच तीन वेळा परततो. त्यावर किमती स्पीकर टांगले तर प्रतिध्वनी किमती होतो, कीर्तनकाराचा शब्द मात्र कळत नाही. बाहेरच्या खांबावरचे भोंगे लांबवर हाक पोचविण्यासाठी घडलेले असतात. त्यांतून संवादिनी वाजविली की पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ते तसेही बंद करावे लागतात. मंडपात जाड पडदे लावावे, श्रोत्यांच्या कानाच्या उंचीस उभे, अरुंद स्तंभाकृती स्पीकर थोड्या थोड्या अंतरावर बसवावे, प्रत्येकाचा आवाज कमी ठेवावा. निवड करावयाची झाली तर दोन-तीन संच आणवून मध्ये पडदा धरावा, मागच्या रांगेतील चार वृद्धांस बसवावे, आणि एखादा अभंग म्हणवून शब्द कोणत्या संचातून कळले ते विचारावे. दरपत्रकांची पाकिटे त्यानंतर फोडावी.