सिंदखेडचे जाधवराव आणि मराठी शोकांतिका

मराठी ऐतिहासिक नाटकाला वीररसाची चटक जुनी आहे. शोकांतिकेला लागणारा माणूस मात्र त्यात क्वचित उभा राहतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची कथाच घ्या. जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून हे गाव घरोघरी ठाऊक आहे, पण त्यांचे वडील लखुजी जाधवराव आपल्याला शिवचरित्राच्या पहिल्या प्रकरणापुरते आठवतात. परंपरेने चालत आलेली हकिकत अशी : निजामशाही दरबाराबाहेर खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्याला आवरण्याच्या गडबडीत जाधव व भोसले एकमेकांवर तुटून पडले. लखुजींचा मुलगा दत्ताजी गेला, सूडाच्या भरात भोसल्यांचा संभाजी पडला आणि जावई शहाजीराजे सासऱ्याच्या वाराने जखमी झाले. लखुजी निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, पुन्हा परतले आणि 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात मुला-नातवासह मारले गेले.

विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या ‘काव्यशास्त्रा’त अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेकडून ज्या अपेक्षा केल्या, त्या इथे आयत्या जुळून येतात. शत्रूने शत्रूला मारले तर करुणा फारशी जागत नाही. सोयऱ्याधायऱ्यांत रक्त सांडले की जागते. निर्दोष माणसाचा नाश किळसवाणा वाटतो, दुष्टाचा नाश रास्त वाटतो. हेलावतो तो दोहोंच्या मधला, स्वतःच्या चुकीने कोसळणारा. निष्ठा बदलणारे आणि ज्या दरबाराला सोडले त्याच्याच भरवशावर परतणारे लखुजी नेमके असे आहेत. पण त्यांना केवळ दगाफटक्याचा बळी ठरवले, की उरते ती निजामाची निंदा.

यावर कोणी म्हणेल, ग्रीक माप मराठीला का लावायचे? कारण अ‍ॅरिस्टॉटलने नियम आधी घालून दिले नव्हते. सोफोक्लीससारख्यांची नाटके होऊन गेल्यावर, ती का परिणाम करतात याचा शोध त्याने घेतला. शेवट दुःखाचाच हवा, असाही त्याचा हट्ट नाही. शिवाय आपल्या सामाजिक नाटकाला ही वाट परकी नव्हती. ‘एकच प्याला’तला सुधाकर पहिला पेला स्वतः उचलतो, ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर सारे काही आपल्या हाताने मुलांना वाटून टाकतात. ऐतिहासिक नाटकातही वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये शिवाजी-संभाजी या बापलेकांचा ताण रंगवून ती जवळ केली. म्हणजे अडचण इतिहासाची नाही, पूज्यभावाची आहे. पूर्वजांची चूक दाखवणे म्हणजे त्यांचा अवमान, ही समजूत लेखकाचा हात धरून ठेवते.

प्रत्यक्षात ज्याला निर्णय घेता येतो, त्याच्याच हातून चूक होते. चूक काढून घेतली की त्याचे मोठेपणही जाते. म्हणून सिंदखेडवर नाटक लिहिणाऱ्याने दौलताबादच्या कत्तलीपासून नव्हे, परत फिरण्याच्या निर्णयापासून सुरुवात करावी. लखुजींचा खरा मान त्यातच आहे.