‘ताई’ या संबोधनाचा प्रश्न : एका अमेरिकन नाटकातील स्थळ आणि स्वभावचित्रण

टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाचा न्यूयॉर्कमधील पहिला प्रयोग ३ डिसेंबर १९४७ रोजी झाला. विजय तेंडुलकर यांनी त्यास ‘वासनाचक्र’ (१९६६) या नावाने मराठी रूप दिले. मूळ शीर्षकातील ‘डिझायर’ हे प्रथमतः न्यू ऑर्लिन्स शहरातील एका ट्राममार्गाचे नाव होय. त्या मार्गावर १९४८ पर्यंत ट्राम खरोखरच धावत होती. मराठी शीर्षकात ट्राम गेली आणि वासना तेवढी उरली. यात अनुवादकाचा दोष नाही. मात्र या नाटकातील स्थळ भाषेत किती खोलवर रुजले आहे, याची कल्पना येथेच येते.

स्थळ म्हणजे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. मधे दार नाही, केवळ पडदा आहे. मिसिसिपीतील आपली पिढीजात मळेवाडी गमावून ब्लांश आपली बहीण स्टेला हिच्याकडे येते, तेव्हा तिची खाट स्वयंपाकाच्या खोलीत पडते. गिरणगावातील चाळीत नांदलेल्या वाचकास या अडचणीचा अर्थ विशद करण्याचे कारण नाही : तेथे कोणाचेही बोलणे केवळ त्याचे राहत नाही.

तिसऱ्या प्रवेशात ब्लांश उघड्या दिव्यावर कागदी कंदील लाववून घेते आणि त्याच प्रवेशात मिचला सांगते की, स्टेला आपल्यापेक्षा किंचित मोठी आहे. वास्तविक ब्लांशच सुमारे पाच वर्षांनी वडील. कंदील आणि असत्य यांचे प्रयोजन एकच, वय झाकणे. हे असत्य टिकते, कारण इंग्रजीत बहिणी एकमेकींना नावाने हाक मारतात. मराठी घरात धाकटीने ‘ताई’ म्हणून ओळख करून दिली, किंवा पडद्यापलीकडून तशी एक हाक आली, की कंदील लावूनही उपयोग नाही. नवव्या प्रवेशात मिच तो कंदील फाडतो. मराठीत ते काम एका शब्दाने सहा प्रवेश आधीच होऊन गेले असते. मग अनुवादकाने धाकटीच्या तोंडी नाव घालावे काय? घालावे, परंतु मग त्या दोघींचे माहेर इंग्रजी वळणाच्या सुखवस्तू घरांपैकी दाखवावे लागेल. एका संबोधनासाठी सारे घराणे बदलावे लागते, असा हा प्रकार आहे.

स्टॅन्लीच्या बाबतीत अनुवादकास मोह होतो तो ग्रामीण बोलीचा. सोयगाव तालुक्यात, जेथे मराठवाड्याची सीमा खानदेशास भिडते, तेथील विद्यार्थ्यास बोलीचे सामर्थ्य सांगावयास नको. आणि म्हणूनच तिचा असा वापर त्यास खटकेल. स्टॅन्ली हा पोलिश वंशाचा, युद्धावरून परतलेला, शहरी कामगार आहे. त्यास शिवारातील भाषा दिली की तो मातीचा माणूस होतो आणि असंस्कृतपणा हा जणू खेड्याचा गुण ठरतो. मूळ नाटकात त्यास तसा कोणताही आधार नाही.

याहून अवघड प्रश्न सर्वनामाचा. ब्लांश ही स्टॅन्लीची अक्कडसासू, म्हणजे पत्नीची वडील बहीण. रिवाजाप्रमाणे तो तिला ‘तुम्ही’ म्हणेल. इंग्रजीत एकच सर्वनाम असल्याने हा आदर केव्हा संपतो हे विल्यम्सला सांगावेच लागत नाही. मराठीत ते सांगावे लागते. ट्रंक उपसताना, दुसऱ्या प्रवेशातच, ‘तू’ आणणे सोपे आहे. पण त्याने स्टॅन्ली केवळ आडदांड ठरतो. चौथ्या प्रवेशात तो स्वतःची निंदा चोरून ऐकतो. त्यानंतरही त्याने ‘तुम्ही’ सोडू नये. आठव्या प्रवेशात वाढदिवसाची भेट म्हणून तो ब्लांशच्या हाती परतीचे तिकीट ठेवतो, तेथे आदरार्थी रूपाइतके क्रूर दुसरे काही नाही. स्टेला प्रसूतीसाठी रुग्णालयात असते आणि घरात ही दोघेच उरतात, त्या दहाव्या प्रवेशात प्रथमच ‘तू’ यावा. पुढे काय घडणार हे प्रेक्षकास त्या एका अक्षरावरून कळेल.