मोरिस आंद्रे आणि उसने सूर

मोरिस आंद्रेचा ट्रम्पेट ऐकायला गोड, म्हणून सोपा वाटतो. तिथेच घोटाळा होतो. खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही पोरवयात खाणीत राबलेला, १९६३ ला म्युनिकची स्पर्धा जिंकलेला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याचा पिकोलो ट्रम्पेट जास्त महत्त्वाचा वाटतो.

बाखच्या काळचा ट्रम्पेट म्हणजे दोन मीटरहून लांब नळी, व्हॉल्व्ह नाहीत. वरच्या सप्तकात तिचे सूर इतके खेटून असतात की ओठ जरा ढळला की शेजारचाच सूर लागतो. पिकोलोची नळी नेहमीच्या ट्रम्पेटच्या निम्मी. त्याच उंचीवर तिचे नैसर्गिक सूर लांब-लांब, त्यामुळे नेम कमी चुकतो.

या भरवशावर आंद्रेने ओबोच्या, व्हायोलिनच्या रचनाही उचलल्या. ओबोचा कातर आवाज त्याच्याकडे चकचकीत होतो, ही तक्रार मला पटते. पण टेलेमानचा डी मेजर कॉन्चेर्टो ट्रम्पेटसाठीच लिहिलेला. त्यातला सुरुवातीचा संथ भाग त्याच्याकडून ऐका. लांब सूर, कुठे लपायला जागा नाही, आणि तरी घाई नाही.

१९६७ ते १९७८ तो पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत शिकवत होता. गी तूव्रों त्याचाच विद्यार्थी. दोघांना लागोपाठ ऐकून बघा, गुरू कुठे ऐकू येतो ते.